औषधाला न जुमानणारे जंत

कामगार चळवळीत आयुष्य घातलेल्या माणसाने या व्यासपीठावरून शेळीच्या जंतांवर बोलावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटणे साहजिक आहे. माझा खुलासा सरळ आहे. आमच्या संघटनेत ऊसतोडणी कामगार आहेत, विड्या वळणाऱ्या बाया आहेत, शेतमजूर आहेत. त्यांच्या मजुरीचा दर किती असावा यावर आम्ही वर्षानुवर्षे भांडतो. परंतु त्या घरांची खरी शिल्लक मजुरीत नसते, ती दारच्या खुंट्याला बांधलेली असते. दोन-तीन शेळ्या, चार करडे आणि एखादा बोकड. पुष्कळदा शेळीही स्वतःची नसते. ती दुसऱ्याची अर्धलीने घेतलेली असते आणि होणाऱ्या करडांची निम्मी वाटणी ठरलेली असते. दवाखान्याचा खर्च आला, पोरीची फी भरायची आली, की बोकड बाजारात जातो. ज्या घरात बोकड विकता आला त्या घराला मुकादमाची उचल तेवढी कमी घ्यावी लागते, आणि उचल जितकी कमी तितका तो माणूस मोकळा. आता सांगा, शेळी मेली तर तो कामगारांचा प्रश्न होतो की नाही?

२०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे १४ कोटी ८९ लाख शेळ्या मोजल्या गेल्या; त्यांपैकी महाराष्ट्रात एक कोटी सहा लाख. या शेळ्यांचे मोठे कळप थोडे. बहुतेक शेळ्या अशाच, दोन-दोन चार-चार करून, ज्यांच्याकडे जमीन नाही किंवा नावापुरती आहे अशा घरांत आहेत.

मी पशुवैद्य नाही. शाळा नववीत सुटली ती सुटली; पुढचे शिक्षण वाचनालयात आणि जाणत्या माणसांच्या पायाशी बसून झाले. तेव्हा औषधाची मात्रा मला विचारू नका, ती पशुवैद्याला विचारा. ही औषधे लागू का पडेनाशी झाली, एवढेच मी उलगडून सांगणार आहे.

प्रथम त्या किड्याची ओळख करून घेऊ. शेळीच्या पोटात जंत अनेक जातींचे असतात. आतड्यात असतात, यकृतात असतात. परंतु आपल्यासारख्या उष्ण आणि पावसाळी मुलखात सर्वांत घातकी तो चौथ्या जठरात राहणारा. शेळी रवंथ करणारी, म्हणून तिच्या पोटाचे चार कप्पे; त्यांतला चौथा म्हणजे खरे पचनाचे जठर. तेथे हा जंत चिकटतो आणि रक्त पितो. शास्त्रात त्याला हिमाँकस म्हणतात. मादी दोन-तीन सेंटिमीटर लांबीची असते. रक्ताने भरलेले तिचे तांबडे आतडे आणि त्याभोवती पीळ घालून बसलेला पांढरा गर्भाशय, यांमुळे ती दोरंगी सुतळीसारखी दिसते. एक जंत दिवसाला रक्ताच्या थेंबाहूनही बेताचेच रक्त पितो, मिलिलिटरचा विसावा भाग म्हणा. ऐकायला किरकोळ वाटते. पण शेळीच्या पोटात असे एक हजार असले तर रोजचे ५० मिलिलिटर रक्त गेले! पंचवीस किलोच्या शेळीच्या अंगात रक्त असते ते पावणेदोन लिटरच्या आसपास. मग डोळ्याच्या पापणीची आतली बाजू पांढरी पडते, जबड्याखाली पाणी उतरून पिशवीसारखी सूज लोंबते, आणि एके दिवशी चरायला निघालेली शेळी वाटेतच बसते. हगवण असेलच असे नाही. म्हणून मालकाला जंताचा संशयही येत नाही.

मादी रोज पाच ते दहा हजार अंडी घालते. ती लेंडीबरोबर जमिनीवर पडतात. ऊब आणि ओल मिळाली की त्यांतून अळ्या निघतात, आठवड्याच्या आत त्या तिसऱ्या अवस्थेला पोचतात आणि गवताच्या पात्यावरील दवाच्या पापुद्र्यातून वर सरकतात. पाते शेळीच्या तोंडात गेले की साधारण तीन आठवड्यांत नवी मादी अंडी घालू लागते. श्रावण-भाद्रपदात ही गिरणी तिन्ही पाळ्यांत चालते. उन्हाळ्यात जमीन भाजून निघाली की बाहेरच्या अळ्या मरतात. तेव्हा जंताचे बियाणे उरते ते मुख्यतः शेळीच्या पोटात. ही गोष्ट ध्यानात असू द्या, पुढे तिचे काम पडणार आहे.

खेड्यात आणि शहरातही एक समज सर्रास ऐकू येतो : ‘शेळीला त्या औषधाची सवय झाली, म्हणून आता ते लागू पडत नाही.’ हा समज चुकीचा आहे आणि त्याने नुकसान होते. सवय शेळीला होत नसते. एवढेच काय, ज्या एका जंताने औषध खाल्ले त्यालाही सवय होत नसते. तो एक तर मरतो किंवा जगतो. बदलते ती जंतांची जमात. हे कसे होते ते हिशेबाने पाहू, कारण हिशेब कामगाराला लवकर समजतो.

समजा, वस्तीत २० शेळ्या आहेत आणि प्रत्येकीच्या पोटात हजार जंत. एकूण वीस हजार. दर हजारात एक जंत असा आहे की ज्याच्यावर औषध चालत नाही. तो औषधामुळे तसा झालेला नाही. जन्मतःच तसा आहे, जसा एखादा माणूस जन्मतः डावखुरा असतो. म्हणजे असे जंत वीस. आता एका दिवशी सगळ्या शेळ्यांना औषध पाजले. १९,९८० जंत मेले, वीस उरले. शेळ्या टवटवीत झाल्या, मालक खूष. परंतु पुढचे तीन आठवडे कुरणावर जी अंडी पडणार ती सगळी या विसांची! कुरणावर आधीच्या साध्या जंतांच्या अळ्या भरपूर असतील तर हे नवे बियाणे त्यांत विरून जाईल. पण तो दिवस कडक उन्हाळ्यातला असेल आणि बाहेर अळ्याच नसतील, तर पावसाळ्याची पेरणी या विसांच्याच बियाण्याने होईल. अशा चार-पाच खेपा झाल्या की कळप तोच, बाटली तीच, आणि गुण मात्र नाही.

आता दुसरा हिशेब. वीसपैकी ज्या पाच शेळ्या खरोखर आजारी आहेत त्यांनाच औषध दिले. पंधरा शेळ्यांत पंधरा हजार जंत तसेच राहिले, त्यांत औषध न चालणारे पंधरा. आणि औषध दिलेल्या पाचांत उरलेले पाच. म्हणजे १५,००५ जंतांत वीस, साडेसातशेत एक. हजारात एक होता तो साडेसातशेत एक झाला, एवढाच फरक. प्रत्यक्षात जंत सारखे वाटलेले नसतात, थोड्या शेळ्यांत पुष्कळ व पुष्कळ शेळ्यांत थोडे असतात. तरी तत्त्व हेच. या न छेडलेल्या जंतांना शास्त्रज्ञ ‘आश्रयातले जंत’ म्हणतात. शत्रूची काही फौज मुद्दाम जिवंत ठेवायची ही कल्पना प्रथम ऐकली तेव्हा मला पटली नव्हती. पण आनुवंशिकतेचा धागा हाती आल्यावर ती पटते.

तो धागा असा. अल्बेंडाझोल, फेनबेंडाझोल या कुळातली औषधे जंताच्या पेशीतील ट्यूब्युलिन नावाच्या प्रथिनाला चिकटतात आणि पेशीचा सांगाडा उभा राहू देत नाहीत. ते प्रथिन अमिनो आम्लांच्या माळेचे आहे. या माळेतील दोनशेव्या मण्याच्या जागी फिनाइलअॅलनिन असते. तेथे टायरोसिन आले की औषधाला चिकटायला जागा नीट सापडत नाही. माळेतला एक मणी बदलला आणि कंपनीचे औषध निकामी! (असे बदल आणखी दोन जागीही सापडतात.) मात्र हा गुण आई आणि बाप दोघांकडून आला तरच तो पुरता प्रकटतो. बदललेल्या जंताचा जोडीदार साधा असेल, तर त्यांची संतती पुऱ्या मात्रेने मरते. म्हणून साधे जंत पुष्कळ असणे आपल्या हिताचे. आणि म्हणूनच अर्धवट मात्रा घातक. कारण कमी औषधात ही मिश्र संतती तगते, आपसांत जोड्या जमवते, आणि तिच्यातून दोन्हीकडून बदललेले जंत निपजतात.

या लढाईचा इतिहास फार जुना नाही. १९४० च्या आसपास फेनोथायझिन हे औषध वापरात आले. १९५७ साली अमेरिकेतील केंटकीमध्ये मेंढ्यांचे हिमाँकस त्याला दाद देईनात अशी नोंद झाली. १९६१ साली थायाबेंडाझोल आले. तीन वर्षांत, १९६४ साली, तेही हरल्याची नोंद आली. १९८१ मध्ये आयव्हरमेक्टिन बाजारात आले. जपानच्या मातीतील एका सूक्ष्म जीवापासून त्याचा उगम. सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्बेल यांना त्यासाठी २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि ते योग्यच होते, कारण माणसांच्या नदी-अंधत्वावर त्या औषधाने मोठे काम केले. परंतु शेळ्या-मेंढ्यांच्या पोटात एक दशकही पुरे होण्याआधी दक्षिण आफ्रिकेतून त्याच्या पराभवाच्या बातम्या येऊ लागल्या. पुढे पुष्कळ वर्षे नवे कूळच निघाले नाही. २००९ साली न्यूझीलंडमध्ये मोनेपँटेल आले तेव्हा मेंढपाळांनी सुटकेचा निःश्वास टाकला. २०१३ साली त्याच देशातून वृत्तान्त प्रसिद्ध झाला : एका शेळ्यांच्या फार्मवर दोन वर्षे पुरी होण्याआधी हे औषध सतरा वेळा वापरले गेले आणि तेथील जंत त्याला दाद देईनासे झाले.

शेळ्यांच्या फार्मवर, हे लक्षात घ्या. या गोष्टीत शेळी पुन्हा पुन्हा येते, त्याला कारणे आहेत. मेंढी मान खाली घालून गवत खाते. शेळीचा ओढा झुडपाकडे. मागचे दोन पाय रोवून बोरीच्या, बाभळीच्या फांदीला तोंड घालणारी शेळी आपण सर्वांनी पाहिली आहे. अळ्या गवताच्या बुडख्याकडे, जमिनीपासून वीतभर उंचीच्या आत अधिक. झुडपावर त्या पोचत नाहीत. म्हणून शेळीच्या पूर्वजांना जंतांशी फार झुंजावे लागले नाही आणि तिची उपजत प्रतिकारशक्ती मेंढीहून दुबळी राहिली. दुसरे कारण असे की, शेळीचे शरीर ही औषधे मेंढीपेक्षा लवकर मोडून बाहेर टाकते. पण मात्रा पुष्कळ ठिकाणी ठरली ती मेंढीवर! तीच शेळीला लावली, म्हणजे कित्येक वर्षे जगभर शेळ्यांना अपुरे औषध मिळाले. पशुवैद्य आता शेळीला मेंढीच्या दीडपट, काही औषधांत दुप्पट मात्रा देतात. कोणाला किती, हे औषधागणिक बदलते. लेव्हामिसोलसारख्या औषधात जास्त झालेली मात्रा जिवावर बेतू शकते, आणि अल्बेंडाझोल गाभण शेळीला पहिल्या दिवसांत देऊ नये. म्हणून म्हटले, मात्रा मला विचारू नका.

आता झुडपांबद्दल थोडे, कारण येथे माझा विषय माझ्या नेहमीच्या विषयाला येऊन मिळतो. गायराने कमी झाली. कोठे अतिक्रमण, कोठे कारखाना, कोठे चराईबंदी. पाणलोटाच्या कामासाठी चराईबंदी करणारी गावे मी वाईट म्हणत नाही. डोंगर हिरवे झालेले मी पाहिले आहेत. पण बंदीचा ठराव ज्या बैठकीत होतो तेथे शेळीवाली बाई क्वचितच बसलेली असते. झुडूप गेले की शेळी ओढ्याकाठच्या, बांधावरच्या ओल्या गवताच्या पट्ट्यावर येते, सगळ्या वस्तीच्या शेळ्या त्याच पट्ट्यावर येतात, गवत बुडख्यापर्यंत खुरडले जाते, आणि अळ्या नेमक्या तेथेच असतात. मग औषध वाढते. रोग पोटात दिसतो, पण त्याची सुरुवात गायरानात झालेली असते.

आपल्या देशात औषधाला न जुमानणाऱ्या हिमाँकसची नोंद १९७६ सालीच छापली गेली. ती मेंढ्यांतील होती. त्यानंतर अनेक राज्यांतून अशा नोंदी आल्या, आणि त्यांतून जे चित्र दिसते ते विचार करण्यासारखे आहे. जेथे कळप मोठे, औषध नियमित, नोंदवह्या व्यवस्थित, अशा संघटित व सरकारी फार्मांवर प्रतिकार अधिक. खेड्यांतल्या फिरत्या, गरिबांच्या कळपांत तो तुलनेने कमी. कारण उघड आहे : गरिबाला औषध परवडत नव्हते, म्हणून त्याच्या कुरणावर साधे जंत शिल्लक राहिले. गरिबीने राखलेली ही एक ठेव म्हणा. ही ठेव आता दोन वाटांनी खर्च होते आहे. एक वाट म्हणजे पैदाशीसाठी वाटले जाणारे बोकड आणि योजनेतल्या शेळ्या. फार्मवरून आलेला जातिवंत उस्मानाबादी किंवा संगमनेरी बोकड आपल्याबरोबर फार्मचे जंतही आणतो. तो आला त्याच संध्याकाळी कळपात सोडला, तर जे बदल फार्मवर व्हायला वीस वर्षे लागली ते वस्तीला फुकट मिळतात. नवे जनावर दोन आठवडे वेगळे बांधावे, पशुवैद्याच्या सल्ल्याने दोन वेगवेगळ्या कुळांची औषधे द्यावीत, लेंडी तपासून मगच सोडावे. योजनेच्या कागदावर बोकडाच्या विम्याची ओळ असते. ही ओळ मला तेथे अजून दिसलेली नाही.

दुसरी वाट म्हणजे स्वस्त झालेली बाटली. औषध परवडू लागले हे चांगलेच झाले. पण ते पाजतात कसे? बाटलीच्या टोपणाने, अंदाजाने. पाटीला आणि थोराड बोकडाला एकच टोपण. डोळ्यांनी केलेला वजनाचा अंदाज बहुधा कमीच निघतो. एका गावच्या शिबिरात मी पाहिले, रांग लांब आणि बाटल्या मोजक्या; दुपारनंतर टोपण अर्धे झाले, म्हणजे कोणी रिकाम्या हाताने परत जाऊ नये! हेतू दयेचा होता. आपण वर पाहिलेल्या मिश्र संततीला याहून सोयीचे काही नाही. वस्तीने वर्गणी काढून एक ताणकाटा घेतला आणि शेळी पोत्यात घालून टांगली, तर हा दोष मिटतो. औषध जिभेच्या मागे हळूहळू सोडावे, घाईने नरड्यात ओतू नये. ठसका लागून ते फुप्फुसात गेले तर शेळी जंताने नव्हे, औषधानेच मरते.

मग कोणाला पाजावे आणि कोणाला नाही, हे अशिक्षित माणसाने कसे ठरवावे? याचे उत्तर दक्षिण आफ्रिकेतून आले, आणि मला ते फार आवडते. कारण त्याला प्रयोगशाळा लागत नाही. फाफा मलान या पशुवैद्याच्या नावाची अक्षरे घेऊन त्या पद्धतीला ‘फमाचा’ असे नाव पडले. एका पत्त्यावर पाच रंग : एक नंबर लालभडक, पाच नंबर पांढुरका. उजेडात शेळीची खालची पापणी अंगठ्याने उलटायची आणि आतला रंग पत्त्याशी ताडायचा. चार-पाच नंबरला औषध द्यायचे. शेळ्यांत, विशेषतः करडे व दूध देणाऱ्या असतील तर, तीन नंबरलाही. एक-दोन नंबरला द्यायचे नाही. पावसाळ्यात दर आठवड्याला पापणी पाहावी. मात्र ही परीक्षा रक्त पिणाऱ्या जंताचीच. गोचिडांनी, उवांनी किंवा यकृतातल्या चपट्या कृमीनेही पापणी पांढरी होते, आणि हगवण लावणारे दुसरे जंत पापणीत दिसत नाहीत. तरीही, दर तीन महिन्यांनी तारीख पाहून सरसकट पाजण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरे. राजस्थानात अविकानगर येथील केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेनेही कोरड्या मुलखातल्या मेंढ्यांसाठी वारंवार पाजणे सोडून पावसाळ्याच्या मध्यानंतर एकच मात्रा देण्याचा मार्ग सुचवला.

जातीच्या निवडीचाही उपयोग होतो. आपल्या फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या सुंदरबनातील गरोळ मेंढी आणून दख्खनी मेंढीशी तिचा संकर केला. मुख्य हेतू जुळी कोकरे मिळावीत हा. परंतु गरोळच्या रक्ताची कोकरे जंतांना अधिक दाद देत नाहीत असेही तेथे दिसून आले. शेळ्यांत असे काम व्हायला हवे. तोपर्यंत निदान एवढे तरी : जिची पापणी दर पावसाळ्यात पांढरी पडते तिचे करडू पैदाशीला ठेवू नये.

लशीबद्दल लोक विचारतात. हिमाँकसवर लस आहे. स्कॉटलंडच्या मोरडन संस्थेच्या संशोधनातून ती निघाली आणि २०१४ पासून ऑस्ट्रेलियात मेंढ्यांसाठी मिळते. पण पहिल्या वर्षी ती चार-पाचदा टोचावी लागते आणि तिचा कच्चा माल जंतांतूनच काढावा लागतो. दोन शेळ्यांच्या घराला आज तिचा आधार नाही. झाडपाल्याचे म्हणाल, तर पळसपापडी जुन्या वैद्यकात जंतांवर सांगितली आहे. पण तिचा गुण प्रत्येक खेपेला सारखा येईल अशी खात्री देता येत नाही. मोरचूद पाजणारे अजून भेटतात. एके काळी परदेशातही ते वापरीत. त्याचे विष होते, ते करू नये.

शहरातल्या श्रोत्यांनी यात का पडावे? शेळीचे हे जंत सहसा माणसाला होत नाहीत. परंतु २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनाला आपल्या मुलांना शाळेत जी गोळी देतात ती अल्बेंडाझोलचीच, त्याच कुळातली. माणसांच्या जंतांत ट्यूब्युलिनचे तेच मणी बदलू लागले आहेत का, याचा शोध शास्त्रज्ञ जगभर घेत आहेत. शेळीच्या पोटात काय घडले हे ठाऊक असल्यामुळेच कोठे पाहायचे हे त्यांना कळले.

आणखी एक अडचण आहे, ती माझ्या धंद्यातली. एका बाईने पापणी पाहून औषध जपून वापरले आणि शेजारच्या चौघांनी टोपणाने ओतले, तर तिच्या शहाणपणाचा उपयोग अर्धाच. कारण कुरण एक आहे. एकदा जंतांत हा बदल रुजला की औषध कित्येक वर्षे बंद ठेवूनही जुना गुण बहुधा परत येत नाही. त्यामुळे हे वस्तीने मिळून करावे लागते. कोणते औषध अजून चालते, हे जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याच्या मदतीने तपासता येते. औषध देण्याच्या दिवशी आणि पुन्हा दहा ते चौदा दिवसांनी त्याच शेळ्यांच्या लेंड्यांतली अंडी मोजायची. मोजण्याची घरे आखलेली काच सिडनीच्या मॅकमास्टर प्रयोगशाळेतून आली, १९३९ साली. आजही तीच वापरतात. अंडी शंभरातली पंचाण्णव घटली नाहीत तर औषधावर संशय घ्यावा. मात्र त्याआधी मात्रा पुरी होती का आणि औषध दर्जेदार होते का, हे पाहावे. दहा-बारा शेळ्यांचे नमुने तरी हवेत. लेंडी जमिनीवरून उचललेली नको, ती ताजी घ्यावी. लहान पिशवीत हवा काढून बांधावी, सावलीत गार ठेवावी आणि त्याच दिवशी पोचवावी, नाहीतर वाटेतच अंडी फुटतात आणि मोजणाऱ्याला काही सापडत नाही. पिशवीवर शेळीची खूण लिहावी.